काळा गूळ पडद्यावर विकायचा कसा? प्रेक्षक ठरवण्यापासून शेवटच्या कटपर्यंत

दुकानात गुळाचे दोन खडे शेजारी ठेवा, एक पिवळाधमक आणि एक गडद तपकिरी. बहुतेक हात पिवळ्याकडे जातात. पिवळा म्हणजे स्वच्छ आणि काळपट म्हणजे जुना किंवा मळीचा, हा समज पक्का बसलेला आहे. उसाची जात आणि जमीन यांनी गुळाचा रंग बदलतो हे खरं, पण तो लख्ख पिवळेपणा बऱ्याचदा उकळत्या रसात टाकलेल्या 'हायड्रॉस'चा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट या रंग उडवणाऱ्या रसायनाचा असतो. नुसत्या भेंडीच्या पाण्यावर मळी काढून केलेला गूळ सहसा गडद उतरतो. त्यामुळे रसायनविरहित गूळ करणाऱ्याची पंचाईत होते: डोळ्यांना जे खराब दिसतं, तेच चांगलं म्हणून दाखवायचं.

पडद्यावर अर्थ कसा तयार होतो हे समजून घ्यायला हे उदाहरण फार सोयीचं आहे. म्हणून इथून पुढचं सगळं एकाच कामाभोवती आहे: कोल्हापूर भागातलं छोटं गुऱ्हाळ, एक किलोची पाकिटं, मोबाइलवर शूट होणारी ३० सेकंदांची जाहिरात. मालिकेचा प्रोमो, संस्थेची माहितीफीत किंवा प्रचाराची क्लिप करायची असली तरी पायऱ्या याच.

आधी माणूस ठरवा

'आमचा माल सगळ्यांसाठी आहे' असं मालक म्हणतो. त्याचं बरोबर आहे, माल सगळ्यांसाठी असतो. जाहिरात मात्र कोणातरी एकासाठी असते.

टीव्हीच्या धंद्यात प्रेक्षक मोजण्याची भाषा ठरलेली आहे. बार्क ही संस्था २०१५ पासून निवडक घरांत मीटर बसवून कोण काय पाहतं याची नोंद ठेवते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून त्यात एक बाजारपेठ धरतात. घरांची प्रतवारी करायला एनसीसीएस ही पद्धत रुळली. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती, या दोन प्रश्नांवरून ए-१ ते ई-३ असे १२ गट पडतात. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन अशी ती यादी. एक एकर जिराईत असो की दहा एकर बागायत, यादीत खूण एकच, हे जाता जाता लक्षात ठेवावं.

'महाराष्ट्र-गोवा, महिला, २२ ते ४०, एनसीसीएस एबी' अशी ओळ मीडिया प्लॅनरच्या कागदावर दिसते, ती यातूनच येते. जाहिरातीची जागा विकत घ्यायला ती पुरते, लिहायला पुरत नाही. कोणाला परवडेल ते ती सांगते. काळा गूळ पाहून मनात काय येतं ते सांगत नाही. म्हणून तिच्याखाली प्रेक्षकाचं एक पानी टिपण जोडायचं. आपल्या कामासाठी ते असं होईल: पुणे, पिंपरी किंवा ठाण्यात नोकरी करणारी, ३० ते ४५ वयाची, शाळकरी मूल असलेली बाई. किराणा तीच ठरवते. गूळ महिन्याला अर्धा-एक किलो लागतो. साखर कमी करायची तिची इच्छा आहे. भेसळीची धास्ती आहे, पण तपासायला वेळ नाही. व्हिडिओ पाहते मोबाइलवर, लोकलमध्ये, कॅबमध्ये किंवा रात्री मूल झोपल्यावर, आणि बहुतेक वेळा आवाज बंद ठेवून. यातल्या प्रत्येक ओळीचा पुढे चित्रीकरणावर परिणाम होणार आहे. ज्या ओळीने एकही शॉट बदलत नाही, ती खोडून टाका. 'ती आधुनिक तरीही परंपरा जपणारी आहे' ही त्यातली हमखास निरुपयोगी ओळ.

टिपण टेबलाशी बसून लिहू नका. किराणा दुकानाच्या काउंटरशी उभं राहून दहा-बारा जणींशी बोललात तर चित्र पुरेसं स्पष्ट होतं. 'रसायनविरहित गूळ घ्याल का?' हा प्रश्न बाद, कारण त्याला सगळ्या हो म्हणतात. 'मागच्या वेळी कोणता घेतला, का घेतला?' हे विचारा. मग दोन खडे समोर ठेवा आणि गप्प बसा. तिच्या तोंडून पहिलं वाक्य येईल ते जसंच्या तसं लिहून घ्या. 'काळा दिसतोय, जुना असेल' हे वाक्य कोणत्याही अहवालापेक्षा कामाचं, कारण जाहिरातीला उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

एक समज काढायचा, एक रुजवायचा

आता एक वाक्य लिहा: 'तिला आत्ता असं वाटतं, पाहून झाल्यावर असं वाटलं पाहिजे.' आपल्याकडे ते असं: 'गडद गूळ जुना असतो' याच्या जागी 'गडद म्हणजे रंग उडवलेला नाही'. बस. आरोग्य, परंपरा, शेतकऱ्याचे कष्ट, लोह, आजीची आठवण यातलं काहीही या ३० सेकंदांत घुसवायचं नाही. मालक आग्रह करेल. त्याला सांगा की दुसऱ्या अर्थासाठी दुसरी फीत करू.

आपण जो अर्थ घालतो तोच समोरच्यापर्यंत जातो, असं धरून चालू नये. ब्रिटनमधले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की प्रेक्षक एखादी प्रतिमा तीन तऱ्हांनी वाचतो: निर्मात्याला हवी तशी, थोडी मान्य थोडी अमान्य करत, किंवा सरळ उलटी. पटकथा लिहून झाली की तिन्ही वाचनं कागदावर लिहायची. हवं ते वाचन: 'अच्छा, खरा रंग हा.' अर्धं मान्य: 'असेल, पण पुरणपोळीचा रंग बिघडेल.' उलटं: 'खराब निघालेला माल खपवतायत.' उलट्या वाचनाला वाव देणारा एखादा शॉट असतोच. इथे तो गुऱ्हाळाचा. काजळलेल्या भिंती, माश्या, अंगात मळका बनियन हे जसं असेल तसं दाखवलं, की 'काळा म्हणजे अस्वच्छ' हा जुना समज तुम्हीच सिद्ध करून दिलात. खरेपणाच्या नादात हा घोटाळा सर्रास होतो.

कुठे दिसणार, ते शूटच्या आधी

यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात पाचव्या सेकंदानंतर उडवता येते, आणि छोटी न वगळता येणारी बंपर जाहिरात ६ सेकंदांची असते. म्हणजे पहिल्या पाच सेकंदांत प्रश्न मांडून झाला पाहिजे, आणि ६ सेकंदांचा तुकडा स्वतंत्रपणे अर्थ देईल असा आधीच योजला पाहिजे. टीव्हीवर तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा आहे. त्या गर्दीत शेजारी काय लागेल ते आपल्या हातात नसतं. रील आणि शॉर्टसाठी उभी चौकट १०८० बाय १९२०, टीव्ही आणि यूट्यूबसाठी आडवी १९२० बाय १०८०.

दोन्ही हवं असेल तर ३८४० बाय २१६० मध्ये आडवं शूट करा. त्यातून मधला उभा पट्टा काढला तर १२१५ बाय २१६० मिळतो, म्हणजे उभ्या चौकटीला पुरून उरतो. अट एवढीच की महत्त्वाची गोष्ट मधल्या तिसऱ्या हिश्श्यात हवी. मोबाइलच्या पडद्यावर टेपने दोन उभ्या रेघा मारून ठेवल्या की काम सोपं होतं. उभ्या चौकटीत खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड बटणांखाली जाते. तिथे अक्षरं ठेवायची नाहीत.

चौकटीत काय ठेवायचं, काय उचलायचं

प्रेक्षक संवाद ऐकण्याआधी ओटा बघतो. काळा ग्रॅनाइट, स्टीलचे डबे, मिक्सर, भिंतीला टेकवलेली शाळेची बाटली: पुण्यातला फ्लॅट, कामाचा दिवस, हे एका नजरेत कळलं. तिथेच पाटा-वरवंटा, पितळी कळशी आणि नथ घातलेली बाई ठेवली तर आपल्या प्रेक्षक बाईला ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं छायाचित्र वाटेल, तिचं स्वयंपाकघर नाही. नेहमीचा कुर्ता, केस क्लचमध्ये, हातात घड्याळ हवं. ऑफिसला निघायची घाई तेवढ्यावर कळते.

प्रत्येक दृश्यात एकच वस्तू अर्थाचं ओझं वाहील असं बघा, बाकीच्या मुक्या ठेवा. आपली अर्थवाहक वस्तू गुळाचा खडा. त्यामुळे त्याच्या आसपास तपकिरी काही नको: मसाल्याचा डबा, लाकडी पोळपाट, कॉफीचा मग सगळं उचला. तपकिरी रंग चौकटीत फक्त गुळाचा असला की डोळा आपोआप तिथे जातो.

भाषेचंही हेच. दुकानदाराचं 'पिवळा देऊ ना, ताई?' हे वाक्य साधं, रोजचं आणि प्रश्न उभा करणारं आहे. गुऱ्हाळातल्या गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, मात्र प्रमाण मराठी देऊ नका. 'रंग कशाला घालायचा? उसाचा हाय त्यो हाय' असं तो म्हणाला तर विश्वास बसतो. बोली इथे हसवायला आलेली नाही, त्यामुळे ती ताणायची नाही. प्रत्येक वाक्याला 'लई भारी' चिकटवलं की माणूस जातो आणि नकलाकार उरतो. शक्य तर खराच गुळव्या घ्या. मजकूर पाठ करायला लावू नका. प्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तरातलं वाक्य निवडा.

कॅमेरा कुठे उभा आहे

कॅमेऱ्याची जागा म्हणजे प्रेक्षकाची जागा. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. कॅमेऱ्याच्या जागी प्रेक्षकच बसलेला असल्यामुळे आरोप कोणावर आहे हे संवादाशिवाय कळतं. इतका जोरकस प्रसंग जाहिरातीत लागत नाही, पण तत्त्व तेच. काउंटरवरचे दोन खडे बाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तिच्या बाजूने दिसले पाहिजेत. म्हणजे निवड प्रेक्षकाची होते. दुकानदाराच्या बाजूने घेतले तर ती विक्री वाटते.

गुळव्याला खालून किंचित वर पाहत घ्या, काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) काठाच्या उंचीवरून. वरून घेतलेला राबणारा माणूस बिचारा दिसतो, आणि आपल्याला तो जाणकार दिसायला हवा. कोन फार खाली नेला की तो पोस्टरवरचा पुढारी होतो. पाच-दहा अंश पुरे.

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते. तिने चेहरा जवळून घेतला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. चेहऱ्यासाठी दोन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि दीड-दोन मीटर मागे सरका. वेगळी लेन्स नसेल तर मागे सरून मुख्य लेन्सनेच घ्या आणि नंतर कापा. बोटांनी चिमटून केलेला झूम टाळा.

सेटिंग नेहमीच्या कॅमेरा अ‍ॅपवर सोडू नका. ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या मोफत अ‍ॅपमध्ये फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं) आणि शटर १/५० (प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) असं बांधून ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेम आणि १/६० शटरवर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे धावतात किंवा उजेड धडधडतो. दुकानातलं शूट वाया जाण्याचं हे नेहमीचं कारण, आणि छोट्या पडद्यावर ते तेव्हा दिसतही नाही. उन्हात १/५० वर चित्र पांढरं फटक होईल. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावायचा, शटर बदलायचं नाही.

शॉटची यादी

दोन खडे, वर घुटमळणारा हात: ३ सेकंद. काउंटरशी उभ्या बाईचा चेहरा: २. हात पिवळा खडा उचलतो: २. गुऱ्हाळाचं लांबून दृश्य, वाफ: ३. झाऱ्याने मळी बाजूला काढताना जवळून: ३. काहिलीत पाहणारा गुळव्या, त्याचं वाक्य इथे सुरू होतं: २. गडद गूळ वाफ्यात (गूळ थंड करायच्या उथळ हौदात) ओतला जातो, वाक्य याच्यावर संपतं: ४. ढेप फुटते: २. ओट्यावर गरम पोळीवर तूप, त्यावर किसलेला गूळ, गुंडाळून डब्यात: ४. पुन्हा काउंटर, हात गडद खड्याकडे: २. पाकीट आणि नाव: ३. बेरीज ३०.

या यादीत मळीचा शॉट सगळ्यात महत्त्वाचा. वर आलेला करडा फेस झाऱ्याने बाजूला जातो आणि खालून तांबूस, नितळ रस दिसतो. 'घाण निघून गेली, रंग तरी गडदच' हे इथे न बोलता कळतं. तो तीन सेकंदांपेक्षा छोटा करू नका. आणि तो एकाच सलग शॉटमध्ये हवा. मध्ये कापला की रस बदलला असेल अशी शंका येते.

उजेड आणि रंग

इथे वेळ घालवा, कारण सगळी जाहिरात एका रंगावर उभी आहे.

पांढऱ्या बशीत गडद खडा ठेवला की मोबाइल पांढऱ्याला सांभाळायला चित्र काळोखं करतो आणि तपकिरी खडा डांबरासारखा दिसतो. काळ्या ग्रॅनाइटवर ठेवला तर उलट होतं: तो सगळं उजळवतो आणि गूळ फिकट, मातकट होतो. उपाय म्हणजे मधल्या छटेची पार्श्वभूमी, जसं फिकट खाकी सुती कापड, आणि खड्यावर बोट दाबून धरून फोकस व एक्स्पोजर कुलूपबंद करणं. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. उन्हात साधारण ५६०० केल्विन. घरात आधी कोरा पांढरा कागद शूट करा आणि तो पांढरा दिसेपर्यंत आकडा हलवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र येऊ देऊ नका, गुळावर हिरवट झाक चढते.

गुळाची शोभा त्याच्या कणांत आहे. समोरून फ्लॅश मारला की ती मरते. खिडकी एका बाजूला, काटकोनात ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरं थर्माकोल धरा. आडव्या उजेडात ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावरचे कण चमकतात. जुना पृष्ठभाग निस्तेज असतो, म्हणून प्रत्येक टेकला नवा खडा फोडायचा. दोन-तीन किलो गूळ त्यासाठी बाजूला असू द्या. दमट हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत गुळाला पाणी सुटतं, आणि ते पडद्यावर चिकट घामासारखं दिसतं. न वापरलेले खडे डब्यात झाकून ठेवा.

गुऱ्हाळात वाफ दिसायला उजेड वाफेच्या मागून यायला हवा आणि वाफेच्या मागची भिंत अंधारी हवी. सकाळी सूर्य खाली असताना पूर्वेच्या दारातून ऊन आत येतं, तेव्हा हे आयतं जमतं. दुपारी तेच गुऱ्हाळ धुरकट गोदाम दिसतं. गारव्यातून कॅमेरा थेट काहिलीपाशी नेला की लेन्सवर बाष्प जमतं. अर्धा तास आधी तो आत नेऊन ठेवा. काहिलीवरची वाफ चिकट असते, लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावा आणि तो पुसायला ओलं कापड जवळ बाळगा. उकळता रस अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. ट्रायपॉड काठापासून हातभर लांब, आणि गुळव्या सांगेल तिथेच.

संकलनाच्या वेळी सॉफ्टवेअरमधला तयार 'वॉर्म' फिल्टर लावायचा मोह होतो. तो लावला की गडद गूळ सोनेरी होतो, म्हणजे ज्या समजाविरुद्ध जाहिरात आहे त्याच समजापुढे तुम्ही मान तुकवली. शिवाय पाकीट उघडल्यावर वेगळा रंग निघाला तर ग्राहक तक्रार करेल ती रास्तच. पिवळा खडाही आजारी दिसावा म्हणून हिरवट करू नका. दोघांनाही एकाच उजेडात, एकाच शॉटमध्ये प्रामाणिक ठेवा. त्या शॉटची सगळी ताकद तिथे आहे. शेवटी एक महागडा आणि एक स्वस्त असे दोन फोन शेजारी ठेवून रंग तपासा. फोनचा पडदा 'व्हिव्हिड'वर असेल तर लाल-पिवळं भडकतं.

आवाज

दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंनी 'कुंकू' चित्रपटात (१९३७) पार्श्वसंगीत वापरलं नाही. दृश्यातल्या आवाजांवर काम भागवलं. सनई-तुतारीने भरलेल्या जाहिरातींच्या रांगेत रसाचा रटरटाट आणि ढेप फुटल्याचा कोरडा आवाज जास्त उठून दिसतो. ते दोन्ही जवळून, चित्राशिवाय वेगळे रेकॉर्ड करा. प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा नुसता वातावरणाचा आवाज घ्या, तो संकलनात भोकं बुजवायला लागतो. गुळव्याच्या शर्टाला छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि वाक्यापुरतं चरकाचं इंजिन बंद ठेवायला सांगा. इंजिनाची घरघर नंतर काढायला गेलात की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अंतिम मिश्रण यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास. टीव्हीसाठी उणे २३ हे प्रमाण प्रचलित आहे, तरी वाहिनीचा तांत्रिक कागद मागून घ्या.

अक्षरं

आवाज बंद असताना अर्थ अक्षरांवर येतो, आणि मराठी जाहिरातीत सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. 'गुऱ्हाळ' हाच शब्द घ्या. कित्येक फॉन्टमध्ये त्यातला अर्धा र डोक्यावर रफार होऊन बसतो. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात; ते दिसले की मराठी वाचकाला माल बाहेरचा वाटतो, का ते त्याला सांगता येत नाही. फॉन्ट निवडतानाच 'गुऱ्हाळ, दुसऱ्या, लोणी, शेती' टाइप करून बघा. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर ग्राफिक्सच्या प्राधान्यांत मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिपींचं निवडावं लागतं. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात.

एका वेळी सहा-सात शब्द, किमान तीन सेकंद. सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ राहिला पाहिजे. आणि चित्रात दिसतं तेच अक्षरांत लिहायचं नाही. मळीच्या शॉटवर 'मळी काढताना' लिहिणं वाया. तिथे 'रंग उडवणारं काहीही नाही' हवं.

संकलन: शेजारी काय ठेवता

१९२० च्या आसपास रशियात लेव कुलेशोव यांनी मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपची बशी, शवपेटी आणि स्त्री यांच्या शेजारी जोडला. प्रेक्षकांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी दुःखी, कधी आसक्त वाटला. आपल्या बाईच्या चेहऱ्याचा शॉट असाच घ्या: दहा सेकंद, काहीही अभिनय न करता. खड्यांनंतर तो द्विधा वाटेल, डब्यानंतर समाधानी. नटीने भुवया उंचावून शंका दाखवली की तो शॉट एकाच जागी चालतो.

शेजारचा धोकाही इथेच आहे. पिवळ्या खड्यानंतर लगेच लहान मुलाचा चेहरा लावला, की 'पिवळा गूळ विष आहे' असा अर्थ न बोलता तयार होतो. स्पर्धकाच्या वकिलाला तो बरोबर वाचता येतो.

दुकान ते गुऱ्हाळ हा बदल आवाजाने आधी करा: बाईच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद असतानाच रटरटाट सुरू होऊ द्या. ती विचारात पडली, असं वाटतं. पहिला कच्चा कट हमखास ४५ सेकंदांच्या पुढे जातो. कापताना आधी गुऱ्हाळाची सुंदर दृश्यं कापा, ती प्रेमात पाडतात आणि सांगत काही नाहीत.

दावे

'रसायनविरहित' लिहायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हाताशी हवा. 'नैसर्गिक', 'शुद्ध' असे शब्द कधी वापरता येतात याच्या अटी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमावलीत आहेत. 'सेंद्रिय' म्हणायला प्रमाणीकरण लागतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव आणि खूण मिरवण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का ते पाहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खुलाशाची बारीक ओळ टाकायची झाल्यास एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती जाहिरातीच्याच भाषेत, जास्तीत जास्त दोन ओळींत, दर ओळीमागे चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ आणि एचडी चित्रात किमान १८ पिक्सेल उंचीची हवी. मोबाइलवर १८ पिक्सेल कोणालाच वाचता येत नाहीत, दुप्पट ठेवा.

पोहोचला का?

कट तयार झाला की टिपणातल्या बाईसारख्या सात-आठ जणींना, त्यांच्याच फोनवर, आवाज बंद ठेवून, एकदाच दाखवा. 'आवडली का?' विचारू नका. 'काय दाखवलं?' आणि 'कोणासाठी केली असेल?' हे दोनच प्रश्न. 'गावाकडचं छान दाखवलंय' असं उत्तर आलं तर गुऱ्हाळ जिंकलं आणि गूळ हरला. लांबचं दृश्य दोन सेकंदांवर आणा, वाचलेला सेकंद शेवटच्या काउंटरला द्या. 'काळा गूळ चांगला असतो म्हणे' असं आलं तर काम झालं. 'शेतकऱ्यांसाठी असेल' असं आलं तर ओट्याचा शॉट पुढे घ्या.

प्रसारणानंतर यूट्यूबचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघा. पाचव्या सेकंदाला उतार सगळ्यांचाच असतो. पुढे मध्येच कडा दिसला तर त्या सेकंदाला कोणता शॉट आहे ते पाहून तो बदला. दोन आवृत्त्या तुलनेला लावायच्या तर फरक एकाच गोष्टीचा हवा. सुरुवातही बदलली आणि ओळही बदलली, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

याच फुटेजमधून दुसरा प्रेक्षकही साधता येतो. साठीच्या पुढच्या बाईला गडद गुळाची ओळख करून द्यावी लागत नाही, तिने तो लहानपणी पाहिलेला असतो. तिच्या आवृत्तीत दुकानातली द्विधा काढून टाका, ढेप फुटण्यापासून सुरुवात करा, गुळव्याचं वाक्य आधी आणा, डब्याऐवजी तिळाच्या लाडवाचा एक शॉट जोडा, आणि अक्षरं सव्वापट मोठी करा. तो लाडवाचा शॉट त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, त्याच उजेडात घेऊन ठेवायचा. महिन्याने घेतला तर रंग जुळत नाही. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते. म्हणून शूट नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, चाचणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि प्रसारण २० डिसेंबरपासून, असं उलटं मोजत या.